पंचवीस आंधळ्यांची यादी

"एका माणसासाठी जहाज थांबत नसतं, बाई. निदान पंचवीस पेशंट हवेत. ओव्हर," रेडिओवरचा कारकून म्हणाला.

"पंचवीस कुठून आणू? अख्ख्या बेटावर माणसं एकशे अकरा, त्यात तान्ही पोरं धरून. ओव्हर," नर्स लोसालिने म्हणाली.

"ते मला काय विचारता? डोळ्यांच्या डॉक्टरांचं जहाज आहे ते. सोमवारपर्यंत नावं कळवा, नाहीतर ते तुमच्या बेटावरून सरळ पुढे जाईल. ओव्हर."

लोसालिने रेडिओचा माइक हातात धरून बसून राहिली. टोंगाच्या त्या टोकाच्या मोतुतोआ बेटावर तेव्हा फोन नव्हता. दवाखाना म्हणजे पत्र्याची एक खोली, आणि डॉक्टर, नर्स, सुईण, झाडूवाली मिळून एकटी लोसालिने. जो एक माणूस तिला जहाजावर चढवायचा होता, त्याचं नाव सेलुइनी मास्तर. पन्नाशीच्या आतल्या प्रत्येकाला त्यांनी अक्षर शिकवलं होतं, छड्याही दिल्या होत्या, आणि चर्चमध्ये गायला उभं केलं होतं. आता शाळेची नोकरी संपली होती, पण चर्चचा गानवृंद अजून त्यांच्याच हाताखाली होता. सात वर्षांपासून त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढत होता आणि अलीकडे तर ते दारातल्या डुकराला "ये, बैस" म्हणू लागले होते.

राजधानीच्या इस्पितळात ऑपरेशन फुकट होतं. फुकट नव्हता तो तिथवरचा रस्ता. दोन बोटी बदलायच्या, तीन आठवडे नातेवाइकांकडे राहायचं, आणि टोंगन माणूस नातेवाइकांच्या दारात रिकाम्या हाताने जात नाही. डुक्कर हवं, विणलेली चटई हवी, सुरणाच्या टोपल्या हव्यात. मास्तर म्हणायचे, "एका डोळ्यापायी दोन डुकरं जायची. त्यापेक्षा डुकरं राहू देत. आणि या बेटावर नवीन बघण्यासारखं आहे तरी काय?"

लोसालिने तडक कालोलाइने आत्याकडे गेली. आत्या माडाखाली चटई विणत बसली होती. वय पंचाहत्तर, आवाज शंखासारखा. तिला भाऊ सात, त्यामुळे निम्मं बेट तिचं भाचरं होतं. आणि आत्याला नाही म्हणायची तिथे रीत नाही. आत्याने भाच्याच्या चुलीवरचं शिजतं भांडं उचलून नेलं, तरी भाच्याने वर झाकण नेऊन द्यायचं.

"पंचवीस आंधळे हवेत?" आत्याने हातातली पात खाली ठेवली. "एवढंच ना? चल."

पहिलं घर मोसेसेचं. तो कोळी. पाण्यावरच्या नुसत्या सावलीवरून खालचा मासा ओळखणारा.

"मोसेसे, तुला दिसत नाही," आत्या म्हणाली.

"मला? आत्या, मला पलीकडच्या बेटावरचं माडाचं झाड दिसतं."

"ते उद्यापासून दिसणार नाही. नाव लिही गं याचं."

असं करत दुपारपर्यंत बावीस झाले. तेविसावी आत्या स्वतः. पाद्री फिनाऊंनी मात्र मान हलवली. "खोटं बोलणं पाप आहे. मी सोंग करणार नाही."

"सोंग कोण करायला सांगतंय? नुसते खुर्चीवर बसा. डोळे तपासून घेणं पाप आहे का?" आत्या म्हणाली.

पाद्रीबुवांनी बराच वेळ आकाशाकडे पाहिलं. तिकडून काही हरकत आली नाही. चोवीस झाले. पंचविसावे मास्तर, त्यांना न विचारताच.

यादी गेली, जहाज यायचं नक्की झालं, आणि खरी पंचाईत तिथून सुरू झाली. आत्याने बजावलं होतं, "एका दिवसात आंधळेपण अंगी भिनत नाही. सवय करा." माणसं सवय करू लागली. मोसेसेने दुसऱ्याच दिवशी होडी पालथी घातली. आंधळा माणूस समुद्रावर कसा जाईल? त्याचं पाहून बाकीच्या चार कोळ्यांनीही होड्या पालथ्या घातल्या आणि सावलीत बसून घेतलं. बेटावर मासळी बंद झाली. मोसेसेची बायको दवाखान्यात येऊन तणतणली, "नर्सबाई, माझा नवरा सकाळपासून चाचपडतोय. लाकूड फोडायला सांगितलं तर म्हणतो, कुऱ्हाड दिसत नाही. जेवणाचं ताट मात्र बरोबर सापडतं!"

"गुरुवारपर्यंत सांभाळून घे गं."

"मी सांभाळीन. पण काल तो शेजारणीच्या दारात शिरला आणि म्हणतो, घर चुकलं!"

गुरुवारी जहाज आलं. धक्क्यावर स्वागताला माणसं एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून, रांगेने, ठेचकाळत आली. डॉक्टर इलाइसाने होडीतून उतरल्या आणि जागच्या जागी उभ्या राहिल्या. चाळिशीतली, कामाला वाघ असलेली बाई. तिने आजवर बरीच बेटं पाहिली होती, पण एवढी आंधळी माणसं एका ओळीत पाहिली नव्हती.

"नर्सबाई, ही साथ केव्हापासून आहे?" त्यांनी काळजीने विचारलं.

"हळूहळू झालं, डॉक्टरबाई," लोसालिने म्हणाली आणि चप्पल नीट करायला खाली वाकली.

दवाखान्यात पहिला नंबर मोसेसेचा. डॉक्टरांनी तीन बोटं धरली. "किती बोटं?"

"कुठली बोटं?"

"माझी."

"तुम्ही कुठे आहात, डॉक्टरबाई?" मोसेसेने भिंतीकडे तोंड करून करुण आवाजात विचारलं.

डॉक्टरांनी त्याच्या डोळ्यांत बॅटरी मारली, कपाळाला आठ्या घातल्या, पुन्हा मारली. त्या काही बोलणार, एवढ्यात मोसेसेची नजर खिडकीतून बाहेर गेली. खडकांच्या पार पलीकडे, जिथे पाण्याचा रंग बदलतो, तिथे पाण्यावर नुसती चमचम उठली होती.

"बांगडे!" तो ओरडला. "बांगड्यांचा थवा! अरे, होड्या काढा!"

आठवडाभर मासळीचं तोंड न पाहिलेलं बेट ते. रांगेतले अकरा आंधळे उठले आणि धूम पळाले. कोणी ठेचकाळलं नाही. एकाने वाटेतली कुंपणाची तार उडी मारून पार केली. खोलीत डॉक्टर, लोसालिने आणि भिंतीवरचं घड्याळ एवढेच आवाज न करता राहिले. घड्याळ बंदच होतं.

"लांबचं उत्तम दिसतंय यांना," डॉक्टर म्हणाल्या. मग त्यांचा आवाज चढला. "नर्सबाई, माझ्या यादीत अजून सहा बेटं आहेत. तिथे खरे आजारी लोक माझी वाट बघतायत. तुम्ही काय चालवलंय हे?"

लोसालिनेच्या डोळ्यांत पाणी आलं. "एक खरा आहे, डॉक्टरबाई. एकच. पण एकासाठी तुम्ही आला नसतात. काय करणार होते मी?"

डॉक्टरांनी बॅटरी पुन्हा हातात घेतली. "बोलवा त्याला."

सेलुइनी मास्तर आले ते टोंगन रीतीप्रमाणे कमरेला सणासुदीची चटई गुंडाळून, डोळ्यांवर भाच्याने पाठवलेला काळा चष्मा लावून, दगडासारखा चेहरा करून. आत येताना त्यांना कोणी हात दिला नाही, आणि दिलेला त्यांनी घेतलाही नसता. खुर्ची त्यांनी अचूक गाठली.

"समोरचा तक्ता वाचता येतो?" डॉक्टरांनी विचारलं.

"का नाही येणार?" मास्तरांनी घसा साफ केला. "ई. एफ, पी. टी, ओ, झेड. एल, पी, ई, डी..." आणि ते थेट तळापर्यंत गेले. मुंगीएवढी शेवटची ओळसुद्धा खणखणीत आवाजात.

डॉक्टरांनी आपली पेटी मिटायला घेतली. "हे माझ्यापेक्षा बरं वाचतात. सुखी राहा, मास्तर. मी निघते."

आठवड्याची खटपट, उपाशी बेट, पाद्रीबुवांचं अर्धं पाप, सगळं पाण्यात चाललं होतं. लोसालिने तक्त्याकडे बघत राहिली. आणि एकदम तिच्या तळहाताला जुनी आग झोंबली.

हा दवाखाना पूर्वी मास्तरांची शाळा होती. त्या काळी इंग्रजीचं पुस्तक बेटावर नव्हतं. कुठल्या तरी जुन्या डॉक्टरने मागे सोडलेला हा एकच तक्ता होता, आणि मास्तरांनी चाळीस वर्षं याच भिंतीवरून पोरांना इंग्रजी अक्षरं शिकवली होती. 'झेड' चुकला म्हणून आठ वर्षांच्या लोसालिनेला याच खोलीत तीन छड्या बसल्या होत्या.

तिने डॉक्टरांच्या कानाशी लागून दोन वाक्यं सांगितली. डॉक्टरांनी हसू दाबलं, हलक्या पावलांनी जाऊन तक्ता खिळ्यावरून काढला आणि पाठीमागे धरला.

"मास्तर, फार छान वाचलंत. मला वहीत लिहायचंय, जरा सावकाश पुन्हा वाचता?"

"अवश्य," मास्तर म्हणाले, आणि कोऱ्या भिंतीकडे बोट करून त्यांनी सुरुवात केली, "ई. ही सर्वांत मोठी. खाली एफ, पी..."

दारात गर्दी जमली होती. आधी कोणी तरी फिसकन हसलं. मग हसणं थांबलं, कारण मास्तर वाचतच होते. ताठ मानेने, एकेक अक्षर नीट उच्चारत, ज्या भिंतीवर काही नव्हतं तिच्यावरून. दारातल्या बहुतेकांचे ओठ नकळत त्यांच्याबरोबर हलत होते. शेवटची ओळ तर सगळ्यांनी मिळून म्हटली.

"तक्ता काढलाय ना?" अखेर मास्तरांनी हळूच विचारलं.

"हो, मास्तर," लोसालिने म्हणाली.

"तूच सांगितलंस. तू पहिल्यापासून चहाडखोर." मग थांबून, अगदी बारीक आवाजात ते म्हणाले, "डोळ्यात सुई घालतात म्हणे."

कालोलाइने आत्या गर्दी सारत पुढे आली. मास्तरांपेक्षा ती चारच वर्षांनी मोठी, पण नात्याने त्यांचीही आत्याच. "सेलु," ती म्हणाली, "अख्ख्या गावाला छड्या मारताना हात कापला नाही तुझा. ऊठ. जहाजावर चल."

"आत्या, मी काय म्हणतो..."

"मी विचारत नाहीये."

मास्तर उठले.

डॉक्टरांनी शुक्रवारी एका डोळ्याचं ऑपरेशन केलं. आलोच आहोत तर बघून घेऊ, म्हणून त्यांनी बांगडे मारून परतलेल्या आंधळ्यांनाही पुन्हा खुर्चीत बसवलं. आता सोंग करायला कोणाच्या अंगात बळ नव्हतं, आणि गंमत अशी की सोंग सोडल्यावरच खरं बाहेर आलं. मोसेसेला मैलावरचा मासा दिसत होता, पण हातातल्या गळाची गाठ दिसत नव्हती. सुईत दोरा ओवता न येणाऱ्या बायका नऊ निघाल्या. पाद्री फिनाऊ कित्येक महिने शास्त्रवचन अंदाजाने वाचत होते, हे त्यांनी आपण होऊन कबूल केलं आणि फार हलके झाले. जहाजावरच्या खोक्यातले एकोणीस चष्मे मोतुतोआवर उतरले. आत्याच्या डोळ्यांत तर दाब वाढलेला सापडला.

"मी तर सोंग घेतलं होतं गं!" आत्या चिडून म्हणाली.

"सोंग नीट जमलं नाही, आजी. रोज दोन वेळा हे थेंब घालायचे. चुकवले तर खरंच आंधळ्या व्हाल," डॉक्टर म्हणाल्या. आत्याला कोणी तरी हुकूम सोडलेला बेटाने प्रथमच पाहिला.

शनिवारी मास्तरांची पट्टी निघाली, दुसऱ्या डोळ्याचा वायदा करून जहाज गेलं आणि रविवारी सगळं बेट चर्चमध्ये लोटलं. बायकांनी मास्तरांना फुलांचा हार घातला. मास्तर गानवृंदासमोर जाऊन उभे राहिले.

आणि तेव्हा लोसालिनेच्या लक्षात आलं की या सगळ्या धांदलीत एक गोष्ट कोणालाच सुचली नव्हती.

मास्तरांची नजर जायला लागली तेव्हा गानवृंदात बेचाळीस माणसं होती. सात वर्षांत एकेक करून ती गेली. कोणी ऑकलंडला कारखान्यात, कोणी सिडनीला म्हाताऱ्यांच्या सेवेला, दोघं मागल्या टेकाडावर मातीआड. मास्तरांना सांगायला कोणाची जीभ रेटली नव्हती. जो जाई त्याचा सूर शेजारचा आपल्या गळ्यात घेई, आणि राहिलेली माणसं तेवढी जोर लावून गात. लोसालिनेची थोरली बहीण गेल्याला पाच वर्षं झाली होती. तिची वरची पट्टी लोसालिने दर रविवारी ओढूनताणून लावत आली होती. आता बाकांपाशी सोळा जण उभे होते, आणि मधे मधे मोकळी लाकडं दिसत होती.

मास्तरांनी हात वर उचलला. एका डोळ्याने पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत पाहिलं. मग पुन्हा उलटं, शेवटापासून पहिल्यापर्यंत. प्रत्येक मोकळ्या जागेवर ते थोडे थांबले. लोसालिने खाली बघत राहिली.

मास्तर म्हणाले, "हं. तरीच मी म्हणत होतो, अलीकडे सगळे एवढे ओरडता का."

त्यांनी डोळा पुसला. डॉक्टरांनी पुसू नका म्हणून बजावलं होतं. मग हात पुन्हा वर केला, नेहमीपेक्षा थोडा खाली.

"चला, सूर दोन पट्ट्या उतरवून घेऊ. आणि लोसालिने, तू आपल्याच आवाजात गा."