तात्यांनी फ्रिज बदलावा का?

आमचे शेजारी तात्या कुणाच्याही घरी गेले की पाणी पिण्याआधी त्यांचा फ्रिज उघडतात. परवानगी मागतात, नाही असं नाही. पण "बघू का जरा?" म्हणेपर्यंत दार उघडलेलं असतं. मग दाराचं रबर दाबून बघतात, मागे जाऊन कान लावतात आणि घरच्या बाईला विचारतात, "कोथिंबीर किती दिवस टिकते?" बिरवाडीच्या आमच्या आळीत कुणाकडे कालची आमटी उरली आहे, हे तात्यांना तोंडपाठ असतं.

हे सगळं चाललं होतं ते स्वतःचा फ्रिज बदलावा की नाही, हे ठरवायला. तात्या कारखान्यात मीटर तपासायचे. निवृत्त झाले, पण तपासणी सुटली नाही. काकू जाऊन पाच वर्षं झाली, मुलगा प्रशांत ठाण्याला. घरात तात्या आणि सत्तावीस वर्षांचा फिकट निळा फ्रिज. तो सुरू होताना अख्खा थरथरतो, त्याचं दार गुडघ्याने ढकलल्याशिवाय बसत नाही; पण त्यात दूध नासल्याचं कधी ऐकलं नाही.

प्रशांत दर रविवारी फोनवर विचारायचा, "बाबा, नवा पाठवू?"

"तपास चालू हाय," तात्यांचं उत्तर. तो दोन वर्षं चालू होता.

एकदा मला महाडच्या दुकानात घेऊन गेले. खिशात थर्मामीटर. विक्रेत्याने दहा वर्षांची हमी सांगितली.

"आनि अकराव्या वर्षी?"

तो हमीपत्र चाळू लागला.

"आमच्याला कुनी हमीच दिली नव्हती," तात्या म्हणाले, "म्हनून बिचारा अजून चालतोय."

बाहेर पडल्यावर मी म्हटलं, "घ्यायचा नसेल तर सांगून टाका की प्रशांतला." तात्यांनी परतीच्या एसटीची वेळ विचारली. एरवी मुद्दा न सोडणारा माणूस, म्हणून मला नवल वाटलं.

शेवटी प्रशांतनेच कंटाळून परस्पर नवा फ्रिज पाठवला. जुना रिकामा करायला मी गेलो आणि पहिल्यांदाच तो आतून पाहिला. तात्यांचं म्हणावं असं त्यात दुधाचं एक पातेलं. बाकी सात-आठ डबे, प्रत्येकावर चिकटपट्टी, पट्टीवर नाव. मागच्या चाळीत कामगार भाड्याने राहतात, त्यांच्या खोल्यांत फ्रिज नाहीत. कुणाची मासळी, कुणाचं भिजवलेलं पीठ, कुणाच्या बाळाचं औषध.

तेवढ्यात त्याच चाळीतली सविता डबा न्यायला आली. ती मूळची कापडे गावची, नवरा कारखान्यात. नवा फ्रिज बघून दारातच थबकली.

"तात्या, आमचे सगळ्यांचे डबे घेऊन जाते मी. नव्याला मासळीचा वास लागंल, बरं नाय दिसत."

"अगो, पन..." तात्यांनी एक डबा धरून ठेवला. सविता पिशवी भरू लागली. नवा घेऊन आलेले टेम्पोवाले जुना फ्रिज उचलायला पुढे झाले.

"थांबा!" तात्यांचा एवढा चढा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "तो नाय द्यायचा. नवा आतल्या खोलीत न्या."

सगळं लावून होतंय तोवर प्रशांतचा फोन आला. तात्यांचा फोन नेहमी स्पीकरवर.

"लावला का बाबा?"

"लावला. झकास हाय."

"आणि जुना गेला ना?"

"नाय रे. बाहेरच्या खोलीतच हाय. लोकं येतात डबे ठेवाया. कुनी शिफ्टला जाताना, कुनी सुटल्यावर. घटकाभर बसतात, 'तात्या, जेवलात का' विचारतात." मग आवाज खाली आला. "तो गेला तर कोन येनार, प्रशांत?"

 

"दोन्ही एका बोर्डावर लावू नका," प्रशांत म्हणाला. "शनिवारी येतो मी. वेगळी वायर ओढून देतो."

सविता एकेक डबा परत जुन्या फ्रिजमध्ये ठेवत होती.

"जेवायलाच ये," तात्या म्हणाले.