हळू आवाजातली ग्रामसभा

ग्रामसभेला सृष्टीला न्यायचं नाही, हे शिवांजलीने पक्कं ठरवलं होतं. पण सकाळीच सासूबाई डोळे तपासायला मिरजेला गेल्या, शेजारच्या काकूंना ताप भरला आणि नवरा तर लष्करात, सरहद्दीवर. शेवटी ग्रामसेविका शिवांजलीबाई तीन वर्षांच्या लेकीला स्कूटीवर पुढे उभी करून बाभूळदऱ्याला निघाल्या. सर्दीने लेकीचं नाक चोंदलेलं. रात्रभर दोघींच्याही डोळ्याला डोळा लागला नव्हता.

बाभूळदऱ्याची ग्रामसभा म्हणजे गळ्याची कसरत. पाण्याची टाकी वरच्या आळीत बांधायची की खालच्या, यावरून आधीच्या दोन सभा मोडल्या होत्या. दुसऱ्या सभेत तर खुर्च्याही मोडल्या. आज ठराव झाला नाही, तर मंजूर झालेली टाकी दुसऱ्या गावाला जाणार होती. आणि ती का गेली, याचा खुलासा शिवांजलीलाच द्यावा लागणार होता.

"लेकीला आणलीसा व्हय?" सरपंच हरणाबाई म्हणाल्या. "बरं केलं. तेवढंच एक शानं मानूस वाढलं."

शहाण्या माणसाने पाचव्या मिनिटाला माइक ओढून घेतला आणि कर्ण्यावरून अख्ख्या गावाला कळवलं, "आई, शी आली!"

शिवांजली तिला उचलून मागे धावली. परत येईस्तोवर सभा पेटली होती. वरच्या आळीचे तानाजी सुभेदार निवृत्त होऊन दहा वर्षं झाली, तरी त्यांचा आवाज अजून परेड मैदानावरच होता. खालच्या आळीचे आप्पासो त्यांच्यापुढे बोट नाचवत होते. दोघं एकाच वेळी बोलत होते, त्यामुळे कुणाचंच कुणाला ऐकू जात नव्हतं.

"बसून घ्या हो," शिवांजली म्हणाली. तेही कुणाला ऐकू गेलं नाही.

मग सृष्टीने भोकाड पसरलं. ते असं, की सुभेदारही थबकले. हरणाबाईंनी बिस्कीट दिलं, ते जमिनीवर गेलं. आप्पासोंनी मिशा हलवून दाखवल्या, तर तिचा आवाज आणखी वर चढला. आता सभा मोडलीच, असं समजून शिवांजली पिशवी आवरायला लागली.

"हिकडं आना तिला," सुभेदार म्हणाले. त्यांनी पोरीला खांद्यावर घेतलं आणि पाठीवर थोपटत पुटपुटू लागले, "दाएँ-बाएँ, दाएँ-बाएँ."

थोड्या वेळाने पोर त्यांच्या मानेत नाक खुपसून घोरायला लागली. सुभेदार जपून खुर्चीवर टेकले.

आप्पासोंनी संधी साधली. "तर मंडळी, टाकी—"

"हळू!" सुभेदार कुजबुजले. "पोरगी उठंल गड्या."

एका पोराने माइक बंद केला. मागची माणसं ऐकू येईना म्हणून पुढे सरकली. आप्पासो वाकले आणि सुभेदारांच्या मोकळ्या कानाशी लागले. "मी काय म्हनतोय, टाकी खालीच पायजे असं न्हाई. आमच्याकडं पानी पोचंना, एवढीच अडचन हाय. शाळंमागच्या टेकाडावर बांधली तरी चालंल."

सुभेदारांनी डोळे मोठे केले. "मग मी दोन सभा काय सांगतोय? टेकाडच!"

"आसं व्हय? मला वाटलं, तुमी आमच्या बानं किती जमीन ढापली ते सांगताय."

"ते बी सांगत हुतो," सुभेदार हळूच म्हणाले. "पर नंतर."

हरणाबाईंनी खुणेनेच मतदान घ्यायला सांगितलं. बांगड्या वाजू नयेत म्हणून बायकांनी एका हाताने दुसरा मनगटाशी धरून वर केला. सुभेदारांचे दोन्ही हात पोरीखाली गुंतलेले, म्हणून आप्पासोंनी आपले दोन्ही वर केले. "योक ह्येंचा," ते कुजबुजले.

शिवांजलीने ठराव लिहून काढला. खाली रेघ मारली. आता एक मिनिट डोळे मिटावेत, असं तिला वाटलं, आणि तिने ते मिटले.

ते मिनिट किती लांबलं, कोण जाणे. फोन वाजला. तो तिचाच, टेबलावरचा. पण पापण्या दगडाच्या झाल्या होत्या. फोन हरणाबाईंनी उचलला. तालुक्याचे साहेब होते. त्यांचा आवाज फोनच्या बाहेरपर्यंत येत होता.

"मॅडम कुठायत?"

"कामात हायत," हरणाबाई कुजबुजल्या.

"तुम्ही एवढं हळू का बोलताय? सभा मोडली का?"

"न्हाई, सायेब. चाललीय."

"बाभूळदऱ्याची सभा चाललीय, आणि आवाज नाही?" साहेबांची बोबडी वळली. "कुणाला लागलंय का? खरं सांगा! पोलीस पाठवू?"

"पाठवा की," हरणाबाई म्हणाल्या. "पर पायरीवर बूट काढून या म्हनावं."

शिवांजलीने हे सगळं ऐकलं. डोळे मात्र तिने उघडले नाहीत.