गुणाभाईंचं आजारी झाड

गुणाभाईंच्या घरी गेलात तर पंखा लावायला सांगू नका. मे महिन्यातसुद्धा. "बेगोनियाक वारो बाधता," एवढंच ते म्हणतात आणि पाहुण्याकडे असं बघतात, जणू पंखा त्यानेच खिशातून आणलाय. डिचोलीत आमची दारं समोरासमोर आहेत, त्यामुळे ही नजर मी खूपदा झेलली आहे.

मूळचे सावंतवाडीकडचे. तीस वर्षं सुर्ल्याच्या खाणीवर ट्रक चालवला. रस्त्याकडेला लाल धुळीशिवाय दुसरा रंग बघितला नाही, असं म्हणतात. निवृत्त झाल्यावर एकट्यासाठी फ्लॅट घेतला आणि अख्खा हॉल फुलझाडांना देऊन टाकला. खुर्च्या दोनच, त्याही जनेलापासून लांब, कारण उजेडावर पहिला हक्क फुलांचा.

खरा संताप मात्र लोकांच्या बोटांवर. येणारा प्रत्येक जण अँथुरियमचं फूल चिमटीत धरून विचारतो, प्लास्टिकचं का? सोसायटीच्या सेक्रेटरींनीही विचारलं. गुणाभाईंनी सरळ त्यांचा गाल चिमटीत धरला. "आणि ह्यो खरो काय?" सेक्रेटरी पुन्हा त्या दारात फिरकले नाहीत.

गेल्या वर्षी माझे बाबा गेले आणि आई बोलेनाशी झाली. विचारलं तर 'हूं', नाहीतर तेही नाही. सगळे येऊन धीर देऊन गेले. गुणाभाई पंधरा दिवसांनी आले, ते आफ्रिकन व्हायोलेटची कुंडी घेऊन आणि कपाळाला आठ्या घालून. झाड आजारी आहे, माझ्याकडे जगायचं नाही, तुमचं जनेल पूर्वेचं, तेव्हा तुम्हीच सांभाळा, असं त्यांनी आईला बजावलं. पाणी खालच्या बशीत घालायचं, पानावर थेंब पडता कामा नये, कुंडी रोज थोडी फिरवायची.

मग रोज सकाळी तपासणी. बशीत पाणी जास्त झालं, वैनी. पानाला हात कोणी लावला, वैनी. माझं डोकं तापायचं. दुःखातल्या बाईशी कोणी असं बोलतं? तिसऱ्या आठवड्यात कुंडी फिरवली नाही म्हणून त्यांनी आवाज चढवला, तशी आई स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"सकाळीच फिरवलीय मी. रोज फिरवते, आणि तुम्ही येऊन परत फिरवता. भोवळ आणायची आहे का त्याला?"

बाबा गेल्यापासून ती एवढं सलग बोलली नव्हती. गुणाभाईही हटेनात. भांडण अर्धा तास चाललं, आणि मधेच कधीतरी आईने चहा टाकला.

पुढे म्हापशाच्या एका नर्सरीवाल्याला मी त्या झाडाचा फोटो दाखवला. तो म्हणाला, इतकं ठणठणीत झाड माझ्याकडेही नाही. जिन्यात गाठून मी हे गुणाभाईंच्या कानावर घातलं. वाटलं, आता नर्सरीवाल्याचा उद्धार होणार. पण ते आमच्या दाराकडे बघून हळूच म्हणाले,

"वैनींका सांगू नको, बाये. झाड बरा झाला तर मगे सकाळचो मी खंय जाव?"