सतरा किडन्या आणि एक संशयित

तैवानच्या ताइनान शहरात चेहरा वाचणारे गल्लोगल्ली सापडतील. तळपाय वाचणारा गुप्तहेर मात्र एकच: मी, श्याओ वेन-त्संग, निवृत्त भूमापक. चेहरा खोटं बोलतो. तळपायाला ते जमत नाही. अंगठा रुतवला की माणूस ओरडतो, आणि तो नेमका कुठे ओरडला यावरून त्याचं काय बिघडलंय ते मी सांगतो. माझी बायको म्हणते, एवढ्या जोरात अंगठा रुतवला तर कोणीही ओरडेल. तिला शास्त्र कळत नाही.

आमच्या बागेत दगडगोट्यांची वाट आहे. सकाळी मंडळी बूट काढून तिच्यावरून चालतात, ‘आई गं’ म्हणतात आणि निरोगी होतात. पलीकडच्या बाकावर बसून मी निदान करतो. गेल्या महिन्यात एकाच आठवड्यात सतरा जण उजवा तळवा धरून लंगडत माझ्यापुढे आले. दुखणं बरोबर मधोमध. तळपायाच्या नकाशात तिथे किडनी असते! सतराच्या सतरा किडन्या एकदम बिघडल्या, म्हणजे घातपातच.

पहिला संशय नळाच्या पाण्यावर. पण तेच पाणी पिणारे, बागेकडे न फिरकणारे आळशी लोक ठणठणीत होते. मग संशय बागेत सकाळी नाचणाऱ्या गटाच्या कर्ण्यावर, कारण चिनी वैद्यकात किडनीचा कानाशी थेट संबंध. पण सतरांतले मा आजोबा ठार बहिरे निघाले. उरली एकच गोष्ट: चालून झाल्यावर सगळे फाटकापाशी आ-शुएताईंच्या गाडीवर सोयाबीनचं गरम दूध पितात. मी वॉर्डप्रमुख फान यांच्या कानावर घातलं. निवडणूक जवळ आलेली. दुपारपर्यंत गाडीवर कागद चिकटला: सोमवारपासून गाडी बंद.

शनिवारी आ-शुएताई हातात पळी घेऊनच माझ्या बाकापुढे उभ्या राहिल्या.

“बावीस वर्षं या फाटकाशी उभी आहे, मास्तर. सोमवारी जाऊ कुठे?”

“पुराव्यापुढे माझा इलाज नाही, ताई.”

“माझं दूध तुम्ही कधी प्यालात?”

“छे! मी फक्त चहा घेतो.”

“म्हणजे तुमची किडनी धडधाकट.”

“अगदी.”

“मग काढा बूट आणि चाला.”

इथे एक कबुली देतो. सात वर्षं निदान करतोय, पण त्या वाटेवर मी कधी पाय ठेवलेला नाही. मला गुदगुल्या होतात.

“गुप्तहेराने घटनास्थळी पाय ठेवू नये,” मी म्हणालो. “पुरावे पुसले जातात.”

“अहो, काढा की बूट!” तोवर जमलेल्या गर्दीतून बायको ओरडली.

निघालो. दहा पावलं खिदळत गेलो. वळणावर कठडा धरला, उजवा पाय टेकला आणि जी किंकाळी फोडली ती मा आजोबांनाही ऐकू गेली. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात. माझी वाटेत किडनीपाशी थांबून गेली.

“आता हे कुठलं दूध प्याले?” आ-शुएताईंनी गर्दीला विचारलं आणि त्या खाली वाकल्या. बाकीचे गोटे आडवे होते. एकच टोक वर करून उभा होता. दुखणी सुरू व्हायच्या आदल्याच दिवशी गवंड्याने तिथला उखडलेला तुकडा बुजवला होता. वळणावर कठडा धरला की प्रत्येकाचा उजवा पाय तिथेच पडायचा.

“हा घ्या तुमचा आरोपी,” ताई म्हणाल्या.

“मुतखडा सापडला,” बायको म्हणाली. माझ्या पायाखालची वाळू सरकली. खडा मात्र जागचा हलला नाही.

फानसाहेबांनी कागद फाडला आणि छिन्नी देऊन गवंड्याला धाडलं. तर सतराही रुग्ण दगडाभोवती कडं करून उभे! “दूध बाधलंच होतं,” मा आजोबा गरजले, “पण या दगडाने आम्हाला तारलं. हात लावून तर बघ!” फानसाहेबांनी मतं मोजली आणि गवंड्याला परत बोलावलं.

मला फार वाईट वाटलं. निरपराध बाईवर आळ घेतला तो मीच. सोमवारी सकाळी माफी मागायला गेलो, तर गाडीपुढे ही रांग! आधी दगडावर जाऊन ओरडायचं, किडनी दुरुस्त करून घ्यायची आणि मग बिनघोर दूध प्यायचं, असं सगळ्यांचं ठरलं होतं. कोणी कोणी तर दोन-दोन पेले रिचवत होते.

“ताई, चुकलो,” मी म्हणालो. “आत्ता सगळ्यांना सांगतो, दुधात कधीच काही नव्हतं. दगडाने काही बरं होत नाही, आणि मुळात...”

आ-शुएताईंनी भरलेला पेला माझ्या तोंडाला लावला.

“एक शब्द बोललात, मास्तर, तर याद राखा!”