आमच्या घरातली खराब हवा

हवा मोजायचं यंत्र घ्यायचं मी ठरवलं ते निव्वळ संतापाच्या भरात. कोविड होऊन गेला त्याला वर्ष उलटलं, तरी एक जिना चढलो की मला धाप लागते, बोलता बोलता शब्द विसरतो आणि नाकाला वास म्हणून येत नाही. पण डॉक्टर म्हणतात, रिपोर्ट नॉर्मल आहेत. साहेब म्हणतात, दिसतोस तर ठणठणीत. सासूबाई काहीच म्हणत नाहीत, नुसत्या बघतात (तेच जास्त झोंबतं). हे सगळं मी गिळलं. पण बायकोने आपली उशी उचलून हॉलमधल्या सोफ्यावर मुक्काम हलवला, तेव्हा माझं टाळकं सटकलं. कारण विचारलं तर म्हणाली, त्या खोलीत खोकला येतो.

म्हणजे खोलीतली हवा खराब, आणि त्या हवेत आजारी नवऱ्याला एकट्याला टाकून ही खुशाल बाहेर! हवा कोण बिघडवतंय ते शोधायचं आणि उशी परत आणायची, असा मी चंग बांधला.

यंत्र मुठीत मावेल एवढं. हवा चांगली असली की हिरवा दिवा, वाईट असली की लाल. खोक्यातून काढल्या काढल्या ते लाल झालं आणि मला भरून आलं. इतक्या दिवसांनी माझी बाजू घेणारं कोणीतरी घरात आलं होतं.

पहिला संशय सासूबाईंवर. त्या कांदा परतत असताना मी स्वयंपाकघरात शिरलो. दिवा लाल. मी तिथल्या तिथे हुकूम काढला, परतणं, तळणं, भाजणं बंद, यापुढे सगळं उकडून. सासूबाईंनी उकडलेला भोपळा निमूटपणे खाल्ला, पण भोपळा पुन्हा ताटात आला तेव्हा त्यांचा संयम संपला.

"जावईबापू, मी गॅस पेटवायच्या आधीच ते लाल होतं. तुम्ही आत आलात की होतं."

"अहो, मी आलो की यंत्र येतं, म्हणून तेव्हा दिसतं," मी म्हटलं. एवढी साधी गोष्ट त्यांना कळू नये याचं मला वाईट वाटलं.

मग मी फरशी पुसायचं औषध टाकून दिलं, नवं कपाट जिन्यात काढलं, पडदे धुवायला लावले. दिवा लालच. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. खालच्या मजल्यावरचे वकील सिगारेट ओढतात! त्यांचा धूर वर येणार, नाहीतर जाणार कुठे?

भांडायला जातानाही माणसाने नीटनेटकं असावं, म्हणून मी नेहमीप्रमाणे अंगावर सेंटचा स्प्रे मारला. (वास येत नसल्यामुळे पुरे कधी म्हणायचं ते कळत नाही. बोट दुखलं की थांबतो.) जिना उतरून दार वाजवेपर्यंत मला धाप लागली होती. वकिलांनी मला खुर्चीत बसवलं, पाणी दिलं आणि घरातल्या सगळ्या खिडक्या उघडल्या. मला हा गुन्ह्याचा कबुलीजबाबच वाटला.

"हे बघा, तुमच्या घरात लाल," मी यंत्र त्यांच्यापुढे आपटलं.

वकील म्हणाले की सिगारेट त्यांनी केव्हाच सोडली आहे. मग त्यांनी अगदी थंडपणे मला यंत्र टेबलावर ठेवून जिन्यात उभं राहायला सांगितलं. मी राहिलो. थोड्या वेळाने आतून आवाज आला, "हिरवा झाला. आता या." मी आत गेलो, टेबलाशी पोचलो. लाल.

"तुमचा साक्षीदार फुटला," वकील म्हणाले आणि रुमाल नाकाला लावला.

मी तणतणत वर आलो. राग कोणाचा ते ठरत नव्हतं, म्हणून बायकोवर काढला. सगळं घर माझ्या सेंटमुळे गुदमरतंय आणि मला एका शब्दाने सांगू नये? माझा श्वासही त्यानेच अडत असेल, त्याचं काय?

तिने हातातलं काम ठेवलं. "रोज विचारायचात, अगं, माझ्या अंगाला वास तर येत नाही ना. इतकं घाबरून विचारायचात की खरं सांगवेना हो. सेंट मारणं, तेवढी एकच गोष्ट तुम्ही आपण होऊन उठून करत होता."

मला फार लाज वाटली आणि फार बरंही वाटलं. मी सगळे स्प्रे कचऱ्यात टाकले, खिडक्या सताड उघडल्या. धाप आजही लागते, पण छाती जरा मोकळी झाली हे खरं. रविवारी दुपारी खोलीत दिवा हिरवागार होता आणि बायको उशी घेऊन आत आली. माझ्या शेजारी आडवी झाली. जिंकलो, असं मनात म्हणतोय तोवर ती उठून बसली.

"अहो, आंघोळ कधी केली होती?"

मी खूप आठवून पाहिलं. डोक्यात नुसतं धुकं. शेवटी मी यंत्राकडे बोट दाखवलं, म्हटलं, दिवा तर हिरवा आहे.

"त्याला नाक नाही आणि तुम्हालाही नाही," ती उशी काखोटीला मारत म्हणाली. "या खोलीत नाक असलेली मी एकटीच आहे." आणि ती हॉलमध्ये गेली.