श्रावणभाऊंना मी दिलेला एक स्टार

श्रावणभाऊंना पत्ता सांगून उपयोग नसतो. ॲपवरून गाडी बोलावली की मिनिटभरात त्यांचा फोन येतो आणि पहिला प्रश्न ठरलेला, "मॅडम, घरासमोर झाड कोनतं हाय जी?"

पहिल्या वेळी मला वाटलं, वनखात्याचा फोन आला. मी म्हटलं, "अहो, मोबाइलवर लोकेशन गेलंय ना तुम्हाला?"

"गेलं असन. पन त्याच्यात थे बाई बोलते, तिनं भंडारा कधी पायला? तुमी झाड सांगा."

"शेवगा," मी चिडून म्हटलं.

"दारात का मांगं?"

"दारात!"

"टेंशनच नाही," म्हणाले आणि खरंच चार मिनिटांत शेवग्याखाली हजर. नकाशावर विसंबणारे बाकीचे चालक आमच्या वस्तीतल्या पाण्याच्या टाकीला प्रदक्षिणा घालतात आणि वरून मलाच विचारतात, मॅडम तुम्ही कुठे आहात. मी कुठे असणार? घरी!

मी भूगोलाची निवृत्त शिक्षिका. लग्न केलं नाही, त्यामुळे रागावायला घरात कोणी नव्हतं. तो सगळा राग तीस वर्षं शाळेतल्या मुलांनी सोसला. गुण देताना माझा हात आखडता. मुलं मागून मला काय म्हणत ते मला माहीत आहे, इथे लिहीत नाही.

तर त्या पहिल्या दिवशी मला नागपूरला भाचीच्या साखरपुड्याला जायचं होतं. अंगावर कोशाच्या रेशमाची नवीकोरी साडी. भंडाऱ्याहून नागपूर पश्चिमेला, आणि श्रावणभाऊंची गाडी निघाली पूर्वेला, वैनगंगेच्या पुलाकडे. जिनं जन्मभर दिशा शिकवल्या तिलाच हा माणूस उलटा नेतोय!

"अहो, कुठे चाललात?"

"पाच मिनटं जी. कारध्याले घर हाय माहं. होऊन जाते."

पुलावर गाडी आली आणि यांनी नदीला हात जोडले. दोन्ही! स्टिअरिंग मोकळं.

"आधी ते चाक धरा हो!"

"माय हाय थे आपली. कायले पाडते?" म्हणाले आणि सावकाश हात खाली आणले.

कारध्याला मला गाडीत बसवून हे घरात गेले ते वीस मिनिटांनी आले, हातात ओलं पोतं झाकलेली बादली. बादली डिकीत मावेना, म्हणून माझ्या पायाशी ठेवली. त्यात काय आहे हे मला पहिल्या गतिरोधकावर कळलं. हातभर लांबीची जिवंत मरळ उसळी मारून थेट माझ्या मांडीवर! मी किंचाळले. श्रावणभाऊंनी गाडी बाजूला घेतली, मासा दोन बोटांत अलगद उचलला आणि त्यालाच रागावले, "काहून बे, दम नाही का तुले?" मला एक शब्द नाही.

साखरपुड्यात मुलाच्या आत्याने दोनदा नाक मुरडलं. मी सगळा वेळ उदबत्तीला चिकटून बसले. यजमान म्हणाले, ताई किती भाविक आहेत. मी तिथेच बसल्या बसल्या मोबाइल काढला आणि श्रावणभाऊंना एक स्टार ठोकला. शून्य देता येत नाही, नाहीतर तेच दिलं असतं.

विषय संपला असता. पण पुढच्याच महिन्यात माझा उजवा डोळा अधू झाला. पडद्याला सूज आहे, नागपूरला येऊन दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन घ्यावं लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. एका डोळ्याला पट्टी बांधून एसटीने कसं येणार? गाडी बोलावली. फोन आला, "झाड कोनतं हाय जी?" मी कपाळाला हात लावला. आमच्या भंडाऱ्यात ॲपच्या गाड्या आहेत तरी किती!

बाहेर पडताना ठरवलं होतं, तोंड उघडायचं नाही. पण हायवे लागला आणि श्रावणभाऊंनी आरसा माझ्यावर रोखून विचारलं, "मॅडम, एक इचारू? माह्यात कमी काय हाय?"

"म्हणजे?"

"कोनं तरी मले एक स्टार देल्ला जी. कंपनीचा मेसेज आला, आनखी खाली गेलं तं नागपूरचं भाडं बंद. मंग बसस्टँड ते दवाखाना, येवढंच मारत राहा."

"मग मारायचं. जवळचं भाडं काय वाईट?"

"माही पोरगी नागपूरले हाय ना. तिले माय नाही. लेकरू लहान हाय तिचं. सवारी सोडली का घंटाभर तिच्यापाशी बसून येतो मी. रिकामी गाडी घेऊन मी काय रोज जाऊ शकतो?"

मी खिडकीबाहेर धानाची शेतं पाहू लागले. एवढ्या बारकाईने मी ती आयुष्यात पाहिली नव्हती.

त्या दिवशी पाच स्टार दिले. पुढच्या महिन्यात पाच. त्याच्या पुढच्या महिन्यातही पाच. पण एकदा खाली आलेली सरासरी वर यायला किती दमवते, ते नापासांनाच विचारावं. आणि दर खेपेला हायवेवर तोच प्रश्न: "सांगा ना मॅडम, माह्यात कमी काय हाय?" मी कधी म्हणे, हॉर्न फार वाजवता. कधी म्हणे, खिडक्या उघड्या ठेवता. पुढच्या वेळी हॉर्न बंद, खिडक्या बंद. इतका ऐकणारा विद्यार्थी मला तीस वर्षांत मिळाला नाही, आणि मी त्याला खोटी उत्तरं सांगत होते.

माणूस तरी कसा! इंजेक्शन झालं की मला धड दिसायचं नाही. हे दवाखान्याच्या आत येत, दारापाशी चप्पल काढून. नर्सला सांगत, "आमच्या मॅडम हायत, जरा हळू." परत आल्यावर फाटकाशी उतरवून मोकळे होणं यांना ठाऊकच नाही. कुलूप उघडून देत, पंखा लावत, पाण्याचा तांब्या उशाशी ठेवत, थेंबाची बाटली हाताला लागेल अशी मांडत. माझ्या सख्ख्या भावाला माझं स्वयंपाकघर कुठे आहे ते सांगता येणार नाही. श्रावणभाऊंना साखरेचा डबा माहीत होता.

गेल्या महिन्यात शेवटचं इंजेक्शन झालं. गाडी शेवग्याखाली थांबली. म्हटलं, आता नाही सांगितलं तर हे पाप मी बरोबर घेऊन जाणार.

"श्रावणभाऊ, तो एक स्टार मी दिला होता."

"मालूम हाय ना जी," ते शांतपणे म्हणाले.

"कसं?"

"त्या दिशी मी एकच सवारी केली. तुमाले सोडलं अन् दिवसभर पोरीपाशी बसलो."

"मग मला का विचारत होता दर वेळी?"

"आता दुसऱ्या कोनाले इचारू? तुमालेच तं मालूम."

मग बाईंचा बाणा थोडा जागा झाला. "चूक सांगू तुमची? गाडी उलट्या दिशेला वळवलीत, मासे आणलेत, पण का ते मला सांगितलं नाहीत. एक शब्द बोलला असता तर मी ऐकलं नसतं का?"

श्रावणभाऊंनी चावी फिरवून गाडी बंद केली. स्टिअरिंगवरची धूळ अंगठ्याने पुसत राहिले.

"कसं सांगू जी? पोरीची जचकी होऊन चार दिवस झाल्ते. तिले दूध नोव्हतं उतरून राहिलं. लेकरू भुकेनं रडे, थे फोनवर रडे. आमच्यात बायतिनीले मरळीचा रस्सा देतात. तिची माय असती तं तिनं तुमाले बरोबर सांगतलं असतं, बाईले बाईचं समजते. बापानं परक्या बाईसमोर हे कसं बोलाचं? रस्ताभर मनात शब्द जुरवत होतो. तोंडातून निंगालंच नाही."

मला इतकी लाज वाटली की पट्टीखालचा डोळाही गळायला लागला.

"मग उतरलं का दूध?" मी विचारलं.

"त्याच संध्याकाळी उतरलं जी," श्रावणभाऊ म्हणाले, आणि तोंड खिडकीकडे फिरवून लहान मुलासारखे रडू लागले.