लाल चिंधीचा दर्जा

"हलगर्जीचे तीन दर्जे! मामुली, संगीन आणि अतिसंगीन!" औरंगाबादेतल्या एका कापूस पिंजायच्या जिनिंग कारखान्याचे मुनशी व्यंकटराव बायकोला ठणकावून सांगत होते. "वाटेत टोपली पडली, पांढरी चिंधी. पट्ट्याजवळ पदर सुटा, पिवळी. आणि जिवावरचं असेल तिथं लाल! उद्या तपासणीला येणारे निजाम सरकारचे इन्स्पेक्टर थक्क होतात की नाही बघ!"

"झाले तर बरं," दमयंतीबाई म्हणाल्या. "नाहीतर शेटजी तुम्हालाच घरी बसवायचे." कारखान्याचे मालक असलेल्या शेटजींनी तसं बजावलंच होतं.

संध्याकाळी कारखाना सुटल्यावर व्यंकटरावांनी मोठ्या चाकाला लाल चिंधी बांधली. चाकाचं झाकण फुटून दोन महिने झाले होते. मागच्याच आठवड्यात त्यानं फकिरा नावाच्या मजुराचं धोतर ओढून घेतलं होतं आणि बिचारा लंगोटीवर सुटला होता! चिंधीचा अर्थ मात्र मजुरांना सांगायचा राहिला. आपण वहीत लिहिलं की जगाला कळलं, असं मुनशी लोकांना उगाच वाटतं.

सकाळी येऊन बघतात तर काय! चाकाला हळदीकुंकू, पुढं फोडलेला नारळ आणि कापसाच्या ढिगापासून हातभर अंतरावर तेवणारा दिवा!

"सरूबाई! हे काय?"

"फकिराला जित्ता सोडलं न्हवं या चाकानं!" मजूरबायांची म्होरकी सरूबाई म्हणाली. "त्यात तुमी लाल बांधलं. म्हटलं, मुनशीसायबालाबी दिष्टांत झाला!"

व्यंकटरावांनी झेप घेतली आणि डोक्यावरची पगडी दिव्यावर दाबली. धूर निघाला, अन् नेमके दारात इन्स्पेक्टर, हातात मुनशींचीच दर्जांची वही!

"मुनशीजी, ये कौनसे दर्जे में आता जी?"

व्यंकटरावांनी वहीत डोकावलं. याच्यासाठी दर्जाच काढला नव्हता!

"चाक आज के आज ढाको, नहीं तो कारखाना बंद!" साहेब कडाडले.

मिस्त्री चांदपाशा फळ्या घेऊन धावला. बाया आडव्या आल्या. "द्येवाला कोंडतो व्हय रं?"

"सरूबाई, माझी नोकरी जाईल हो!" व्यंकटराव रडकुंडीला आले.

सरूबाईला दया आली. "मंग जाळी लावा. दर्शनबी व्हतं, अन् कुणाचा हातबी आत जात नाय."

"आणि दिवा?"

"दिवा भायेर लावू. येवढं कळतं की आता!"

साहेब खूश झाले. दुपारपर्यंत जाळी बसली, कारखाना सुरू झाला, व्यंकटरावांची नोकरीही वाचली. फक्त साहेबांनी जाताना शेरा मारला, दर्जा यापुढं सरूबाई ठरवतील. मुनशींनी चिंध्या फाडून द्याव्यात!